शोकेसचे रसग्रहण

नाटकाची परीक्षणे होतात, पुस्तकांची होतात, गाण्याच्या बैठकींचीही होतात. पण ज्या कलाकृतीसमोर बसून आपण जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे पोहे खातो, त्या शोकेसवर दोन ओळी लिहायला मराठीत कोणी धजत नाही. कारण उघड आहे. परीक्षण छापून आले की पोहे बंद!

ठाणे ते कल्याण या टापूत मी पुष्कळ शोकेस पाहिल्या. नेपथ्य ठरलेले. दहा बाय बाराचा हॉल, एका भिंतीला सनमायका, मधोमध टीव्ही आणि दोन्ही अंगांना सरकत्या काचा. आत आग्र्याहून आलेला ताजमहाल, ज्याचा एक मिनार डोंबिवलीला पोचलाच नाही. कुणाच्या तरी निवृत्तीची ढाल. मुलीचे वक्तृत्वाचे करंडक. वास्तुशांतीला आलेले आणि अजून खोक्यातच बसलेले सहा पेले. एकूण सत्तर पात्रे आणि संवाद एकालाही नाही.

माझा मुख्य आक्षेप गर्दीवर नाही. आठ बावन्नच्या लोकलने जाणाऱ्या माणसाने गर्दीबद्दल बोलू नये. आक्षेप असा की, या सत्तर वस्तूंत घरच्या माणसाने स्वतः हौसेने जमवलेली एकही नसते. सगळे 'आलेले' असते. म्हणजे आवड दुसऱ्यांची, धूळ पुसायची आपण. मग घरच्यांची स्वतःची हौस राहते कुठे? माळ्यावर.

आमच्या शेजारच्या काकांचेच घ्या. डोंबिवली ते तेव्हाचे व्हीटी असा प्रवास करण्यात त्यांची नोकरी सरली आणि त्या काळात त्यांनी पुठ्ठ्याची छापील रेल्वे तिकिटे जमवली. दोन बोटांएवढे, जाड पुठ्ठ्याचे तिकीट, त्यावर नंबर आणि ठशाने उठवलेली तारीख. ही युक्ती टॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराची. काकांकडे अशी सातशे आहेत. आता, ज्याच्या खिशात पास, त्याच्याकडे तिकिटे सातशे कशी, आणि ती फाटकावर द्यायची राहिली कशी, हे प्रश्न शेजारधर्मात बसत नाहीत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ ला कल्याणला पोचली. ज्या गावांचे नशीब रुळांवरून आले, तिथे तिकिटांना हॉलमध्ये जागा नाही! ती माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात. त्यातून आमची इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. काकांच्या घरी ठराव झाला: शोकेसमधले सगळे न्यायचे, डब्याचे बघू. मराठी घरातल्या 'बघू'चा अर्थ रद्दीवाल्याला बरोबर कळतो.

"सातशे तिकिटे लावायची कुठे?" असे मुलाचे म्हणणे. पण सातशे लावायला सांगितले कोणी? सगळे मांडले की ते गोदाम होते. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', १९२० च्या सुमारास वस्तू जमवू लागले. दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्री. कुणाच्याही माळ्यावर निघेल असाच माल! अकाली गेलेल्या आपल्या राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ मध्ये ते सरकारला दिले. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या साधारण अडीच हजार. बाकीच्या आत विश्रांती घेतात. म्हणूनच बघणारा एका अडकित्त्यासमोर थांबू शकतो.

काकांनीही पंधराच निवडावीत. डिंक नको, सेलोटेप तर नकोच, तिचा पिवळा डाग जन्माचा सोबती होतो. फोटोच्या अल्बमसारखे नुसते कोपरे अडकवावेत. ऊन येणारी भिंत टाळावी, शाई उडते. पावसाळ्यात ओल धरणारी टाळावी. तीच एक उरली असेल तर चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्यावी. उंची नातवाच्या डोळ्यांची. दर दिवाळीला पंधरा बदलावीत. आणि प्रत्येकाखाली एक ओळ: तिकीट कुणाचे, कशासाठी काढलेले.

ही ओळ काकांखेरीज कोणाला लिहिता येणार नाही. काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि नवी इमारत, म्हणे, तीन वर्षांत उभी राहील. ही दोन वाक्ये मी विनोदासाठी शेजारी ठेवलेली नाहीत.

परवा मी डबा उघडायला लावला. काकांनी डोंबिवली ते कल्याण असे एक तिकीट उचलले.

"हे मात्र माझे. पास कल्याणपर्यंत नव्हता ना! हिला बघायला गेलो होतो."

आतून काकू म्हणाल्या, "आणि तासभर उशिरा आले होते. म्हणे गाडी लेट!"

"होतीच लेट."

"लिहिलंय का त्यावर?"

तिकिटावर तारीख होती, वेळ नव्हती. भांडण रंगले. नातू मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला. सत्तर पात्रांच्या शोकेसला इतक्या वर्षांत जे साधले नाही, ते दोन बोटांएवढ्या पुठ्ठ्याने साधले होते. माझ्या मते पुढच्या घरात हॉलची भिंत त्याला द्यावी, आणि ताजमहालाचे बघू.