समुपदेशन : रॉजर्स यांच्या सहा अटींपैकी तीन कुठे गेल्या?

समुपदेशनावर संशोधन आराखडा लिहिताना आपण बहुतेक जण एकच वाट धरतो. दुसऱ्या प्रकरणात कार्ल रॉजर्स यांचा सिद्धांत मांडायचा, तिसऱ्यात पूर्वचाचणी-उत्तरचाचणी ठरवायची, गुणांतला फरक दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. माझा पहिला आराखडाही असाच होता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "मधल्या बैठकांत काय घडलं, ते कसं कळणार?" मी गप्प.

मग रॉजर्स यांचा १९५७ चा मूळ लेख वाचला. व्यक्तिमत्त्वात बदल होण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी त्यात आहेत. आपल्या नोट्समध्ये मात्र तीनच उरतात : समानुभूती, विनाशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा अस्सलपणा. गाळलेल्या तीन अशा : दोघांमध्ये मानसिक संपर्क असणे, सल्लार्थी आतून विसंगतीत असणे आणि समुपदेशकाची समानुभूती व स्वीकार सल्लार्थीपर्यंत निदान थोडेतरी पोचणे.

ही शेवटची अट गाळली की मोठी गडबड होते. समुपदेशकाने कितीही समजून घेतलं, पण समोरच्याला ते जाणवलंच नाही, तर रॉजर्स यांच्याच सिद्धांतानुसार अट अपुरी राहते. तीन अटींचा सिद्धांत म्हणजे समुपदेशकाच्या गुणांची यादी. त्यात सल्लार्थी कुठे आहे?

अर्थात टीका रॉजर्स यांच्यावरही करता येते. या लेखात अटी आहेत, पण बदल कसा सरकत जातो ते नाही. ती उणीव त्यांनीच १९५८ मध्ये भरून काढायचा प्रयत्न केला. बैठकांची ध्वनिमुद्रणे तासन्‌तास ऐकून त्यांनी प्रक्रियेचे सात टप्पे मांडले. सुरुवातीला माणूस फक्त बाहेरच्या गोष्टी बोलतो. पुढे भावना सांगतो, पण जुन्या झाल्यासारख्या. शेवटच्या टप्प्यांत त्या त्याच क्षणी अनुभवत बोलतो. बघा, हे टप्पे पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत सापडणारच नाहीत.

म्हणून तुमचा आराखडा समितीपुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. प्रत्येक बैठकीनंतर सल्लार्थीला काय जाणवलं, हे विचारायची सोय आहे का? आणि त्याच्या संमतीने निदान काही बैठका ध्वनिमुद्रित होणार आहेत का? दोन्ही नसतील, तर दुसऱ्या प्रकरणातला सिद्धांत तुम्ही तपासत नाही आहात, फक्त त्याचं नाव वापरताय.