‘क्लास’ची झडती

एका परिसंवादात एक प्राध्यापक समीक्षक आमच्या कवितेबद्दल बोलले, ‘जोर आहे, पण क्लास नाही.’ लोक हसले. मीपण हसलो आणि खोलीवर येऊन डिक्शनरी काढली.

दोस्तहो, शब्द वाटतो तेवढा साधा नाय. पोरगं शिकवणीला जातं तो क्लास. साठ टक्के काढून येतं तो फर्स्ट क्लास. शिपाई, झाडूवाला म्हंजे क्लास फोर. रेल्वेचा थर्ड क्लास १९७४ साली गेला, त्याला सेकंड म्हणू लागले, गर्दी तीच. इंग्रज सरकार आपल्याला डिप्रेस्ड क्लासेस म्हणायचं. १९३५ च्या कायद्यात आपण शेड्यूल्ड कास्ट झालो. कागदावर क्लासची कास्ट झाली. गावकुसाबाहेर ती आधीपासून कास्टच होती.

शब्द मूळचा लॅटिन. रोममध्ये मालमत्ता मोजून नागरिकांचे गट पाडत, तो गट म्हंजे क्लासिस. ज्यांच्याकडं मोजायला पोरांशिवाय काही नाय, ते प्रोलेटारी. मार्क्सचा प्रोलेटारिएट तिथलाच. आणि आता बघा. दुसऱ्या शतकातला ऑलस गेलिअस नावाचा रोमन लेखक प्रमाण मानावा अशा लेखकाला ‘क्लासिक’ म्हणतो आणि लगेच जोडतो, प्रोलेटारी नव्हे! साहित्यातला क्लासिक जन्मला तोच कंगाल माणसाला दाराबाहेर ठेवून.

तरी रोमचं दार पैशाचं होतं. पैसा आला की वरच्या गटात जाता येई. मराठीत क्लासिकला प्रतिशब्द कुठला केला? अभिजात. म्हंजे चांगल्या कुळात जन्मलेला. तिकडं मालमत्ता बघत, इकडं आईबाप बघतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हीपण पेढे खाल्ले, भाषा आमचीही आहे. शब्दाचा अर्थ कोणी विचारला नाय. मीपण नाय.

डाव्या मित्रांचं दुखणं वेगळं. ते क्लास म्हणतात तेव्हा प्रामाणिक असतात, पण त्यांचा ‘वर्ग’ धुऊन वाळत घातलेला असतो. १९१६ सालीच बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जात म्हंजे दारं बंद करून बसलेला क्लास, अशी मांडणी केली होती. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा अस्पृश्याला विणकामात घेत नसत. कारण कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढावा लागे, आणि उष्ट्याचा विटाळ होई. विणकामात पगार जास्त, तिथं बंदी; कमी पगाराच्या रिंग खात्यात चालत होतो. मालक एक, भोंगा एक, थुंकी मात्र वेगळी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३६ ला पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ ला काढलं ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचा, मजूर हा शब्द मध्येच कुठं गळाला ते शोधा.

प्राध्यापकसाहेबांना मी कार्ड टाकलंय. आमच्या कवितेत नाय तो क्लास यातला कुठला, एवढंच विचारलंय. उत्तर आलं की छापू.