शब्द खाण्याविषयी थोडेसे

अवघड इंग्रजी शब्द भाषांतरकाराला सहसा दगा देत नाहीत. त्यांच्यासाठी तो कोश उघडतो. दगा देतात ती ईट, रन, कॅच असली लहानपणीच पाठ झालेली क्रियापदे. त्यांचा अर्थ आपल्याला येतोच, असे आपण धरून चालतो.

मध्यंतरी एका भाषांतरित कादंबरीत वाचले की, वकिलाला अखेर आपले शब्द खावे लागले. मराठीत शब्द खातो तो घाईने बोलणारा माणूस. अर्धी अक्षरे तो गिळून टाकतो. इंग्रजीत आपले शब्द खाणारा मात्र ठासून बोललेले चारचौघांत मागे घेत असतो. भर न्यायालयातली ती नामुष्की मराठीत नुसता उच्चारदोष होऊन बसली! क्रियापद बिनचूक उतरले, वकील तेवढा हरवला.

रनची गंमत निराळी. इंग्रजांची शाळा, दुकान, यंत्र सारी धावतात, आपली चालतात. त्यांचे नाक धावते, आपले वाहते. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडातला उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. येथे चूक झाली तरी वाचक हसून पुढे जातो.

मोल्सवर्थने आरंभलेला व थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग (१९३२-३८) काढल्यावरही वाक्संप्रदायांसाठी वेगळा कोश रचला. शब्दाचा अर्थ आणि शब्दाची वागणूक या दोन गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. पण कोणता वाक्संप्रदाय कोठे बसेल, हे शेवटी प्रसंगच सांगतो.

हे मी शहाणपणाने लिहितो आहे खरा. पण माझ्याच वर्गात मी काय केले ते ऐका. भाषांतराला उतारा दिला होता. भावाच्या खिशातले पैसे घेतलेला मुलगा पानावरून उठतो, आणि आई विचारते, 'व्हॉट इज ईटिंग यू?' शहागंजकडच्या एका मुलीने लिहिले, 'तुझं मन तुला का खातंय रे?' मी तांबड्या शाईने काट मारली आणि वर लिहिले, 'काय झाले?'

घरी जाताना माझ्या आईचे बोलणे आठवले. कुणाला उगाच टोचून बोलली की रात्री ती म्हणायची, 'मला मन खातंय.' इंग्रजी वाक्प्रचार कोणत्याही घोराला चालतो. कर्जबाजारी कारकुनाच्या तोंडी मन खाणे शोभले नसते, तेथे काळजीने पोखरणेच बरे. पण येथे तर चोरी होती. आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दखनी बोलणारे शेजारी कसमही खातात आणि गमही खातात. त्यामुळे त्या पोरीचा कान 'खाण्या'ला सरावलेला असेल. काही असो, आईला मुलाचा अपराध कळला आहे हे तिने ऐकले. माझे 'काय झाले?' पोट दुखणाऱ्यालाही विचारता आले असते.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागितली. ती म्हणाली, "सर, घरी राहिली." तिसऱ्या दिवशीही तेच.