आपत्कालीन वैद्यक आणि बदलती आरोग्यव्यवस्था : दुसरबीड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

वैद्यकाची कोणतीही विशेष शाखा ज्ञानाच्या बळावर उदयास येते. तिचे सामाजिक मोल मात्र ती कोठे रुजते यावर ठरते. आपत्कालीन वैद्यकाचा महाराष्ट्रातील प्रवास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये या शाखेस स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली. त्यानंतर तज्ज्ञ घडू लागले. परंतु ते प्रामुख्याने महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत स्थिरावले. २०१४ मध्ये राज्यात '१०८' सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत, तर ७०४ प्राथमिक जीवरक्षण सुविधांच्या होत्या. त्यांवर नेमलेले डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदादी शाखांचे पदवीधर होते. म्हणजेच व्यवस्था रस्त्यावर आली. शाखा मात्र रुग्णालयाच्या दाराशीच थांबली.

ही दरी सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड परिसरात ठळकपणे जाणवते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. १ जुलै २०२३ रोजी याच तालुक्यात खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तज्ज्ञ जवळ असते तर ते वाचले असते, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. आगीने तेवढी उसंतच दिली नाही. तथापि रक्तस्राव वा डोक्यास मार लागलेल्या जखमीच्या बाबतीत पहिला तास निर्णायक असतो. वाहनाचा वेग वाढला, म्हणून उपचार जवळ आले असे होत नाही.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे धोरण चिंत्य वाटते. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा विभाग अनिवार्य केला. २०२३ च्या निकषांत तो अनिवार्य विभागांच्या यादीतून वगळण्यात आला. पुढच्याच वर्षी बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तज्ज्ञांअभावी सक्तीचे विभाग कागदावरच राहतील, हा आक्षेप निराधार नाही. परंतु अध्यापकपदेच नसतील तर तज्ज्ञ घडणार कोठून?

शाखेनेही आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे. अतिदक्षता कक्षातील कौशल्य हाच तिचा एकमेव निकष असू नये. रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि महामार्गालगतचे ग्रामस्थ यांना प्रशिक्षित करणे हे तिचे दुय्यम नव्हे, तर मुख्य कार्य होय. आपत्कालीन वैद्यक बदलत्या व्यवस्थेशी किती जुळले, याची कसोटी पदव्युत्तर जागांच्या संख्येत नाही. जखमीस पहिला जाणकार हात किती मिनिटांत लाभतो, यातच ती आहे.