सिंप्लिसिओची बाजू

विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बिणी, लंबक आणि आकडे उभे राहतात. पुस्तके येतात ती सर्वांत शेवटी. परंतु ज्या काळी ‘शास्त्रज्ञ’ असा स्वतंत्र पेशा नव्हता, त्या काळी निसर्गाचा विचार करणाऱ्याला तत्त्वज्ञच म्हणत. गॅलिलिओ १६१० साली टस्कनीच्या दरबारी रुजू झाला, तेव्हा नुसते ‘गणिती’ हे पद त्याला पुरेना; ‘तत्त्वज्ञ’ ही पदवीही त्याने मागून घेतली. अशा माणसाचा ग्रंथ केवळ शास्त्र म्हणून न वाचता वाङ्मय म्हणूनही वाचायला हवा. शास्त्राची परीक्षा शास्त्रज्ञांनी केव्हाच उरकली आहे. माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला त्यातली माणसे तपासण्याचा अधिकार असावा.

विश्वाच्या दोन थोर व्यवस्थांविषयीचा त्याचा ‘संवाद’ १६३२ साली फ्लॉरेन्समध्ये छापला गेला. मी तो स्टिलमन ड्रेक यांच्या १९५३ सालच्या इंग्रजी भाषांतरावरून, कोश शेजारी ठेवून वाचला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तरीही पुस्तक हातातून सुटले नाही, ह्याचे श्रेय मूळ लेखकाच्या गोष्टीवेल्हाळपणाला आहे. पंडितांची लॅटिन बाजूला सारून त्याने हा ग्रंथ लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. व्हेनिसमधल्या एका वाड्यात तीन गृहस्थ चार दिवस बसून वाद घालतात: पृथ्वी स्थिर आहे की फिरते? साल्व्हियाती फिरणाऱ्या पृथ्वीची बाजू मांडतो. घरधनी साग्रेदो मोकळ्या मनाचा, चौकस रसिक आहे. हे दोघे गॅलिलिओचे खरेखुरे मित्र. एक १६१४ मध्ये आणि दुसरा १६२० मध्ये वारला. लेखकाने त्यांना पुस्तकात पुन्हा बोलते केले. तिसरा सिंप्लिसिओ. हा ॲरिस्टॉटलचा भक्त. नाव सहाव्या शतकातल्या एका भाष्यकाराचे. पण इटालियन कानाला त्यात ‘भोळसट’ असाही ध्वनी ऐकू येतो.

गॅलिलिओने ह्या बापड्याला निव्वळ बुजगावणे केले, असा एक सर्रास आक्षेप आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. आणि तो कोणत्या अर्ध्यात खरा आहे, हे पाहण्यातच ह्या ग्रंथाचे मर्म आहे.

दुसरा दिवस घ्या. साग्रेदो एक गोष्ट सांगतो. व्हेनिसमध्ये एका वैद्याने शवविच्छेदन करून दाखवले की, मज्जातंतूंचे मूळ मेंदूत आहे, हृदयात नाही. समोर एक ॲरिस्टॉटलपंथी बसला होता. तो म्हणाला की, आपण हे इतके स्वच्छ दाखवलेत की ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात उलट लिहिलेले नसते, तर मला ते मान्यच करावे लागले असते! येथे आपण हसतो. पण लगेच पुढे सिंप्लिसिओ विचारतो की, ॲरिस्टॉटलला सोडले तर आम्हांला वाट कोण दाखवणार? हा प्रश्न मूर्खाचा नव्हे. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ पाहते आहे, त्याचा हा प्रश्न आहे. साग्रेदोनेही पहिल्याच दिवशी हे ओळखले आहे: अपार खर्चाने बांधलेला वाडा पाया खचल्यामुळे कोसळू लागावा, आणि मालकाने साखळदंड, टेकू लावून तो सावरत बसावे, तशी ह्याची स्थिती आहे, असे तो कळवळून म्हणतो. ज्या लेखकाला प्रतिपक्षाचे असे दुःख दिसते, तो त्याची केवळ टिंगल करीत नाही.

शिवाय सिंप्लिसिओच्या पदरात शंकाही भक्कम आहेत. पृथ्वी फिरत असेल तर बुरुजावरून सोडलेला दगड पायथ्याशीच कसा पडतो? पाखरे आणि ढग मागे का राहत नाहीत? ह्या शंका आजही वर्गातला एखादा हुशार मुलगा विचारतो, आणि शिक्षकाची परीक्षा होते. विरुद्ध बाजूच्या ह्या शंका साल्व्हियाती स्वतःच अधिक धार लावून मांडतो आणि मगच उत्तराला हात घालतो. ते उत्तर म्हणजे ग्रंथातले सर्वांत देखणे पान. एका मोठ्या गलबताच्या तळघरात जा, बरोबर माश्या आणि फुलपाखरे घ्या, भांड्यात मासे सोडा, वर टांगलेल्या बाटलीतून खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात थेंब पडू द्या. गलबत उभे असो वा संथ एकसारख्या वेगाने चालो, ह्यातल्या कशावरूनही तुम्हांला ते ओळखता येणार नाही. समीकरण एकही नाही, आणि पृथ्वीवरचे आपले सारे जिणे त्या तळघरात मावले आहे!

ह्याच दिवशी सिंप्लिसिओ एकदा बाजीही मारतो. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड मागे पडत नाही, तो काठीच्या बुंध्याशीच पडतो, असे साल्व्हियाती ठासून सांगतो. सिंप्लिसिओ विचारतो की, तुम्ही एकदा तरी करून पाहिले आहे काय? नाही, पण मला खात्री आहे, असे उत्तर येते. खात्री रास्त होती. परंतु प्रयोगाचा आग्रह त्या घटकेला धरला तो ‘भोळसट’ म्हणवणाऱ्याने! ही ओळ लिहिताना गॅलिलिओतला कलावंत त्याच्यातल्या वकिलापेक्षा मोठा झाला आहे.

आणि मग चौथा दिवस येतो. ह्या दिवसासाठीच सारा ग्रंथ रचला गेला. भरती-ओहोटीचे नाव ग्रंथालाच देण्याचा त्याचा बेत होता, तो रोमच्या अधिकाऱ्यांनी होऊ दिला नाही. पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्र हिंदकळतो आणि त्यानेच भरती येते, हा त्याचा सिद्धांत. तो साफ चुकीचा आहे. त्या हिशेबाने भरती दिवसाला एकदाच यायला हवी. ती दोनदा येते, म्हणून त्याला समुद्राची लांबी आणि खोली ह्यांचे टेकू लावावे लागले. साखळदंडांनी वाडा सावरणारा आता कोण, हे वाचकांनीच ठरवावे. चंद्राचे नाव निघते, पण ते झटकून टाकले जाते; केप्लरसारख्या माणसाने चंद्राची पाण्यावर सत्ता मानावी ह्याचे तो नवल करतो. पुनवेला-अवसेला उधाण आणि अष्टमीला भांग, हे आपल्या कोकणचा कोळीसुद्धा तिथीवरून जाणतो. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचे कारण चंद्र-सूर्यांच्या आकर्षणात दाखवले.

हे असे का झाले? माझ्या मते, चौथ्या दिवशी खोलीत तिसरा माणूसच नव्हता. सिंप्लिसिओ बोलतो, पण त्याच्या शंकांतला जीव लेखकाने काढून घेतला आहे. डोलकाठीपाशी ‘करून पाहिलेत काय’ म्हणणारा तो खमक्या माणूस येथे असता, तर चंद्र इतक्या सहज सुटता ना.

त्याच दिवशी, शेवटच्या पानांवर, दुसरा घात झाला. ईश्वर सर्वशक्तिमान आहे. तो भरती हव्या त्या उपायाने आणू शकेल. म्हणून अमुकच कारण असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये, हा पोप आठव्या अर्बनचा आवडता युक्तिवाद. तो ग्रंथाच्या शेवटी यावा अशी परवान्याची अटच होती. लेखकाने अट पाळली. मात्र तो युक्तिवाद घातला कोणाच्या तोंडी, तर चार दिवस हरत आलेल्या सिंप्लिसिओच्या! दोघे त्याला मान तुकवतात आणि संध्याकाळच्या गारव्यात होडीतून फिरायला निघतात. एकेकाळी गॅलिलिओची स्तुतिपर कविता लिहिणारा हा पोप ह्यानंतर त्याचा मित्र उरला नाही. खटल्याला इतरही कारणे होती, १६१६ सालची ताकीद हे त्यातले मोठे. पण २२ जून १६३३ रोजी वृद्ध गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले, आणि उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत काढले. ग्रंथावरची बंदी १८३५ च्या यादीपर्यंत निघाली नाही. चर्चने आपली चूक जाहीरपणे मान्य केली ती १९९२ साली.

शिक्षा अन्यायाचीच होती. त्यात दुमत नको. परंतु ग्रंथाचा परीक्षक म्हणून एवढे म्हणणे भाग आहे की, जेथे सिंप्लिसिओ सबळ आहे, तेथे ह्या पुस्तकातले शास्त्रही खरे आहे आणि कलाही. जेथे तो दुबळा केला गेला, तेथे दोन्ही ढासळली.

गॅलिलिओला हे उमगले होते काय? १६३८ साली, दृष्टी गेल्यावर, त्याचा शेवटचा थोर ग्रंथ हॉलंडमधल्या लायडन येथे छापून निघाला. त्यातही तेच तिघे व्हेनिसच्या गोदीविषयी बोलत बसले आहेत. पण हा सिंप्लिसिओ निराळा आहे: तो शांतपणे ऐकतो, विचारतो, गणिताचे महत्त्व कबूल करतो. त्याला कोणी हसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरात चार मंडळी जमली असता वाद रंगलाच, तर वाचकहो, ह्या तिसऱ्या गृहस्थासाठी एक पाट जरूर मांडावा.