कविता गाळा: अनाईस निनच्या कथा आणि इच्छेचं मोजमाप

पानाला एक डॉलर. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका श्रीमंत संग्राहकाला खाजगीत कामुक कथा लिहून द्यायचा हा भाव होता. आधी हेन्री मिलर लिहीत होता, तो कंटाळला आणि काम अनाईस निनकडे आलं. मधल्या माणसाकरवी निरोप यायचे, आणि त्यातला पुन्हापुन्हा येणारा निरोप असा की कविता गाळा, थेट मुद्द्यावर या. याच कथा पुढे १९७७ मध्ये, निनच्या मृत्यूनंतर, 'डेल्टा ऑफ व्हीनस' नावाने छापल्या गेल्या.

पुस्तकाच्या सुरुवातीला तिच्या रोजनिशीतले उतारे आहेत. माझ्या मते सगळ्या पुस्तकात तेच सर्वांत विचार करायला लावणारे. ती त्या संग्राहकावर भयंकर चिडलेली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: तू नुसती क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली धरतोस आणि ती ज्या गोष्टींमुळे पेटते त्या सगळ्या बाहेर फेकतोस.

आपल्यासारख्यांनी हे वाक्य साहित्यिक तक्रार म्हणून सोडून देऊ नये. तो एक गृहीतक-प्रस्ताव आहे. इच्छा उद्दीपकात असते, की उद्दीपकाकडे लक्ष ज्या तऱ्हेने जातं त्यात?

प्रयोगशाळेतून आलेलं उत्तर निनच्या बाजूने बरंच झुकतं. डेव्हिड बार्लो यांनी १९८६ मध्ये मांडलेलं प्रारूप बघा. लैंगिक अडचण नसलेल्या पुरुषांमध्ये भीती निर्माण केली तरी शारीरिक प्रतिसाद कमी होतोच असं नाही, कधी तो वाढतोही. पण लक्ष दुसरीकडे वळवलं की घसरतो. म्हणजे मारक ठरतं ते लक्ष निसटणं. त्याआधी १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 'प्रेक्षक होणं' असा शब्दप्रयोग केला होता: माणूस अनुभवात असण्याऐवजी बाहेर उभा राहून स्वतःला तपासायला लागतो, आणि सगळं विस्कटतं.

आता याच संग्रहातली 'द व्हेल्ड वुमन' ही कथा घ्या. जॉर्ज नावाच्या माणसाला एक अनोळखी गृहस्थ गूढ भेटीचं आमिष दाखवतो. भेट होते, जॉर्ज हरखून जातो. पुढे त्याला कळतं की अशी भेट लपून बघायला तिथे लोक पैसे मोजतात, आणि आपण रंगात आलो होतो तेव्हा आपणच तमाशा होतो. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा कुठल्याही स्त्रीवर विश्वास बसत नाही, कारण प्रत्येक पडद्याआड कोणीतरी बसलंय असं वाटत राहतं. ही कथा पैसे देऊन बघणाऱ्या माणसासाठीच लिहिलेली आहे, हे लक्षात घेतलं की निनची खोच कळते. जॉर्जचं शरीर तेच आहे, इच्छाही असेल, पण लक्ष कायमचं फुटलंय. बार्लोच्या प्रबंधाच्या चाळीसेक वर्षं आधी हे लिहिलंय बरं का.

पण निनचा एक सोपा अर्थ काढला जातो आणि तो मला पटत नाही: बायकांना प्रणय हवा, पुरुषांना क्रिया. जूलिया हायमन यांनी १९७५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना आणि विद्यार्थ्यांना ध्वनिफिती ऐकवल्या: काही उघड कामुक, काही कामुक आणि प्रणय मिसळलेल्या, काही नुसत्या प्रणयाच्या, काही साध्या गप्पांच्या. नुसत्या प्रणयाला दोघांच्याही शरीराने फारशी दाद दिली नाही. उघड कामुक मजकुराला स्त्रियांनीही प्रतिसाद दिला. तेव्हा निनची 'कविता' म्हणजे गुलाबाची फुलं नव्हेत. वास, आवाज, थांबणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज, असा लक्ष धरून ठेवणारा तपशील ती मागत होती.

आता तक्रार. या संग्रहात, आणि एकूणच कामुक लेखनात, एक युक्ती सर्रास येते: तोंड नाही म्हणतं, शरीर हो म्हणतं, आणि लेखक शरीराला खरा साक्षीदार ठरवतो. निनच्या काही कथांत बळजबरीसुद्धा याच वाटेने 'सुखाची' होते. इथे ती तिच्या संग्राहकापेक्षा वेगळी राहत नाही. तोही हेच म्हणत होता की मन बाजूला ठेवा, शरीर काय ते सांगेल.

शरीर तसं सांगत नाही. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १३२ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. उपकरणाने मोजलेला शारीरिक प्रतिसाद आणि व्यक्तीने स्वतः सांगितलेली उत्तेजना यांचा सहसंबंध पुरुषांत ०.६६ आणि स्त्रियांत ०.२६ निघाला. ०.२६ चा वर्ग करून बघा, ०.०७ च्या आसपास येतो. इतक्या तुटपुंज्या दुव्यावर 'तिला हवंच होतं' असं विधान उभं राहत नाही. ना कथेत, ना पोलीस चौकीत. पुरुषांचा ०.६६ सुद्धा काही १ नव्हे. दोघांतल्या फरकाचं कारण काय यावर वाद आहेत, मोजायची पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो. पण एक चल मोजून दुसऱ्याचं नाव लावायचं नाही, हे आपल्याला एमएस्सीच्या पहिल्या सत्रातच शिकवलेलं असतं. रक्तप्रवाह हा रक्तप्रवाह आहे. इच्छा ही वेगळी संकल्पना, आणि संमती तर मापनाची गोष्टच नाही, ती त्या व्यक्तीने द्यायची असते.

ज्यांना या विषयात संशोधन करायचंय त्यांच्यापुढे मराठीत आणखी एक अडचण येते. प्रश्नावली मराठीत आणताना 'डिझायर'साठी कोणता शब्द घ्याल? 'वासना' लिहिलंत तर उत्तर देणारी व्यक्ती आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात. 'इच्छा' तर चहाचीही होते. 'ओढ' मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, पण त्यात शरीर पुसट होतं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. हे विषय साध्या गद्यात लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. इतक्या वर्षांनीही आपल्याकडे एकतर पाठ्यपुस्तकातला कोरडा शब्द असतो, नाहीतर शिवी.

१९७६ मध्ये पुस्तकाला जोडलेल्या टिपणात निन म्हणते की या कथा पुरुषांच्या नमुन्यावर लिहिल्या असं तिला बरीच वर्षं वाटत होतं, पण पुन्हा वाचल्यावर जाणवलं की स्वतःचा आवाज पूर्ण दाबला गेला नव्हता. मला हे अर्धं पटतं. 'एलेना'सारख्या दीर्घ कथेत तो आवाज स्पष्ट आहे: तिथे नायिका आधी न्याहाळते, बिचकते, मग जवळ जाते. जिथे शरीराला साक्षीला उभं केलंय, तिथे मात्र मला फक्त पानाला एक डॉलर ऐकू येतो.