‘वापरू द्यावे’ : बोले ठरावाचे एक वाचन

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला विचारले, “सर, महाडचा सत्याग्रह झाला तो कायद्यासाठी, की कायदा होता म्हणून?” वेळ संपली होती, आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी जाताना लोकलमध्ये आमच्याच उत्तराची आम्हाला लाज वाटली. मुलुंड येईपर्यंत ठरवले की पुढचे व्याख्यान यावरच.

तर आज आपण एक कागद वाचायचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केलेला, सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी, गिरणी कामगारांत काम केलेले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा जी सत्काराची सभा भरली, जिथे केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला दिले, तिचे अध्यक्ष हेच बोले. आज त्यांचे नाव ‘बोले ठराव’ या जोडशब्दापुरते उरले आहे, आणि तो ठराव वाचलेला माणूस तर आम्हाला क्वचितच भेटतो. पाठ्यपुस्तकातले एक वाक्य सगळ्यांना पाठ असते : बोले ठरावाने पाणवठे खुले झाले. हे वाक्य चूक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

ठराव काय म्हणतो? सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी हे मंडळ शिफारस करते.

आता यातल्या दोन जागांवर बोट ठेवा. पहिली, ‘सार्वजनिक पैशाने’. दुसरी, ‘वापरू द्यावेत’. पहिल्या जागी हा ठराव फार मोठा आहे. दुसऱ्या जागी तो लंगडा आहे.

मोठा का, ते बघा. त्या काळी अस्पृश्यतेविषयी दोन प्रकारे बोलले जाई. सुधारक दयेची भाषा बोलत : आपलीच भावंडे आहेत हो, त्यांना जवळ घ्या. सनातनी शास्त्राची भाषा बोलत. आणि गंमत म्हणजे सुधारकही पुष्कळदा शास्त्राच्याच मैदानात उतरून वचनाला प्रतिवचन शोधत बसत. बोले दोन्ही टाळतात. शास्त्र काय म्हणते हा प्रश्नच ते काढत नाहीत, कुणाच्या अंतःकरणालाही हात घालत नाहीत. ते एवढेच विचारतात की या विहिरीचा पैसा कुणाचा? पैसा सर्वांचा असेल तर दोर सर्वांचा. आम्ही चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. इतके कमी गृहीत धरून इतके दूर जाणारे युक्तिवाद आमच्या पाहण्यात थोडे आहेत.

पण मग येते ते क्रियापद. वापरू द्यावे. ‘देणे’ आले की देणारा आला. हा देणारा कोण? ज्याने आजवर दिले नाही, तोच! म्हणजे विहिरीवरचा अधिकार सर्वांचा असे एका श्वासात म्हणायचे, आणि दुसऱ्या श्वासात तिची किल्ली जुन्याच कमरेला राहू द्यायची. शिवाय १९१९ च्या कायद्याखाली कायदेमंडळाचा ठराव ही नुसती शिफारस. तो सरकारला बांधत नाही.

सरकारने पुढे काय केले? ११ सप्टेंबर १९२३ ला आदेश काढला. आपल्या मालकीच्या जागांपुरता ठराव अमलात आणा, असे खातेप्रमुखांना सांगितले. आणि नगरपालिका, लोकल बोर्डे यांचे काय? कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, की ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. हे वाक्य कानाने ऐका. शिफारशीचा स्वीकार करण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला! चार पायऱ्या झाल्या आणि पाण्याचा थेंब नाही.

महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना, १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला. तळ्यावर कुणी गेले नाही, जाणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले पुन्हा उठले आणि दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व बोर्डे ऐकत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. आमच्या मते हा दुसरा ठराव पहिल्याहून धारदार आहे आणि त्याच्याकडे जवळजवळ कुणी पाहिलेले नाही.

इथे जरा अमेरिकेत डोकावू. १९६४ च्या तिथल्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण हेच सांगते : वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ यावरून भेद करणाऱ्या संस्थेला संघराज्याचा पैसा मिळणार नाही. बोल्यांनी हीच कळ अडतीस वर्षे आधी दाबून पाहिली होती. आणि तिथल्या लॅटिनो लोकांची गोष्ट आणखी बोधक आहे. टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या नागरिकांना मताचा हक्क कागदावर होताच, मतपत्रिका इंग्रजीत. १९६८ साली सॅन अँटोनिओत स्थापन झालेली ‘माल्डेफ’ आणि इतर संघटना मागे लागल्या, आणि १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. ठरावीक निकषांत बसणाऱ्या भागांत निवडणुकीचे कागद त्या लोकांच्या भाषेतही पुरवणे हे निवडणूक यंत्रणेचे कर्तव्य ठरले. त्यांना मत ‘देऊ द्यावे’ असे कायदा म्हणाला नाही. यंत्रणेने काय केलेच पाहिजे ते म्हणाला. फरक क्रियापदाचा आहे.

परत महाडला येऊ. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्याली. पुढे मारहाण झाली, ते आपण जाणता. तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कायदा नव्हता. शिफारस होती, आणि ती त्या दिवशी लोकांनी हक्क म्हणून वाचली. ‘वापरू द्यावे’चे ‘वापरतो’ झाले ते कायदेमंडळात नव्हे, तळ्याच्या पायरीवर. नगरपालिकेला ते इतके झोंबले की ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला चार वर्षे पुरी होतात त्याच तारखेला, तिने आपला ठराव मागे घेतला. दिलेले परत घेता येते, याचा याहून स्वच्छ पुरावा कुठला?

मग दावा चालला दहा वर्षे. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, पण कशावर? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, यावर. आम्ही वर्गात हा निकाल विजय म्हणून शिकवत असू. आता वाटते की आम्ही घाईत शिकवले. रूढी सिद्ध झाली असती तर?

घटनेचे कलम १५(२) बोले ठरावाशेजारी ठेवा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते, आणि पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने चालवलेल्या जागा. बोल्यांचा पैशाचा निकष तिथे जसाच्या तसा भेटतो. पण वाक्य फिरले आहे : कोणताही नागरिक या बाबतीत कोणत्याही निर्योग्यतेच्या अधीन असणार नाही. देणारा गेला. शिवाय दुकाने, हॉटेले आली. ती तर खाजगी मालकीची. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला तो याच वाटेवर.

म्हणून प्रश्न मिटला का? आपल्याच उपनगरांकडे बघा. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना महापालिका नळ देत नसे. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितले की घर बेकायदा असले तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. जगण्याच्या हक्कात ते येते. निकाल चांगलाच आहे. पण पुढे तोच निकाल म्हणतो की कायदेशीर घरात राहणाऱ्याच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, आणि दरही जास्त लावता येईल. समानतेचा हक्क आणि जगण्याचा हक्क यांत अंतर पडले ते इथे. जगण्यापुरते द्यावे. ते ‘द्यावे’ पुन्हा आलेच. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचे धोरण आले २०२२ साली; मध्ये साडेसात वर्षे गेली.

आणि पैशाच्या निकषाची दुसरी बाजूही सांगून टाकतो, कारण ती आमच्या घरची आहे. आम्ही राहतो त्या सोसायटीत दोन लिफ्ट. एकीवर पाटी : घरकामगार व सामान वाहणाऱ्यांनी दुसरी लिफ्ट वापरावी. ही पाटी लागली त्या सभेत आम्ही हजर होतो, कमिटीवरच होतो, आणि गप्प बसलो. जातीचे नाव पाटीवर नाही, त्यामुळे अस्पृश्यतेचा कायदा तिला सहज सापडत नाही. लिफ्टचा खर्च मेंटेनन्समधून, म्हणजे सार्वजनिक पैसा नाही. बोल्यांचा युक्तिवाद आमच्या दाराशी येऊन थांबतो. गेल्या सर्वसाधारण सभेत आम्ही पाटी काढण्याचा विषय मांडला, तेव्हा एक सभासद सहज म्हणाले, “सर, वापरू देतोच की आपण, गर्दी नसली की.”

विषय पुढच्या सभेवर गेला आहे. पुढच्या शनिवारी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडलेले महार वतनाचे विधेयक घेऊ. ती शिफारस नव्हती, विधेयक होते. आणि तरी पुढच्या वर्षी त्यांना ते मागे घ्यावे लागले. येताना एक काम करा : आपापल्या इमारतीतल्या पाट्यांवरची क्रियापदे लिहून आणा.